जोंधळ्याएवढं समाधान

मिरजेत तंबोरे करणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. त्यांच्यातल्याच एका उस्तादांच्या हाताखाली शिकलेला चिदानंद सुतार बावन्न वर्षांचा झाला, तरी स्वतःच्या कामावर खूश झालेलं त्याला कुणी पाहिलं नव्हतं. नाव चिदानंद, पण आनंदाशी त्याचं कधी जमलं नाही. नवा तंबोरा ऐकून गिऱ्हाईक मान डोलवत असलं, की हा कोपऱ्यात दाढ दुखत असल्यासारखा चेहरा करून बसे आणि म्हणे, "द्या इकडं. अजून झालं नाही ते."

त्याचं काम जवारी काढण्याचं. तंबोऱ्याची तार भोपळ्यावरच्या घोडीवर टेकते. ही घोडी पाहणाऱ्याला सपाट वाटते, पण तिला केसाच्या जाडीपेक्षाही कमी असा उतार दिलेला असतो. त्या उताराला घसटत तार थरथरते, तेव्हाच तो भरलेला गुंजारव उठतो. उतार कमी पडला तर तार मुकी, जास्त झाला तर पत्रा बडवल्यासारखी. कानशीचे दोन हात इकडे की तिकडे, एवढाच सगळा खेळ. चिदानंदचा नियम असा, की जवारी काढून झाली की वाद्य चार दिवस तसंच ठेवायचं आणि रोज सकाळी उठल्याबरोबर एकदा छेडून पाहायचं. चारही सकाळी काही खुपलं नाही, तरच ते दाराबाहेर जाणार. सहसा पहिल्याच सकाळी काहीतरी खुपायचं. महिन्याला तीन तंबोरे बाहेर पडले तरी डोक्यावरून पाणी.

ही खुपण्याची खोड कारखान्यापुरती राहिली असती तर बरं होतं. पण कारखाना खाली आणि घर वर. बायको वैजयंता कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. पंचवीस वर्षांच्या संसारात आपल्या एकाही पदार्थाला, साडीला, कामाला नवऱ्यानं 'छान' म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. भाकरी जाड, आमटी पातळ, बोलणं लांब, हसणं मोठं. मुलगी गार्गी पुण्याला शिकत होती. ती रविवारी फोन करायची तो आईला. बाबांना दे म्हणायची तिची छाती होत नसे.

त्यात भर कातडीची. विशीपासून त्याला सोरायसिस होता. कोपर, गुडघे, पाठ आणि अलीकडे हातांचे तळवेसुद्धा. लाल चकंदळं, त्यावर चंदेरी पापुद्रे, आणि मुठी मिटल्या की भेगांतून रक्त. उन्हाळ्यातही तो पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचा. तंबोऱ्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, पापुद्रे पडले की गिऱ्हाईक बघायच्या आत ते फुंकून टाकायचा. हे फुंकणं वैजयंतानं एकदा दारातून पाहिलं होतं, आणि नवऱ्याचा कितीही राग आला तरी ते आठवलं की तो उतरायचा.

म्हणून २०४३ च्या दिवाळीनंतर ती त्याला जवळजवळ ओढतच डॉक्टर तहसीन मुल्लांकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण समजावून सांगण्याची त्यांना हौस होती. त्यांनी टेबलावर कागद ओढला.

"आपली कातडी खालून वर येत असते. एका पेशीला वर यायला महिनाभर लागतो. तुमच्या पेशी चार-पाच दिवसांत धावत येतात, म्हणून त्यांची रास साचते. त्यांना धावा म्हणून कोण सांगतं? तुमच्याच शरीराचे पहारेकरी. शत्रू आला नसताना ते रक्तात निरोप सोडतात, 'आला, आला!' हे निरोप म्हणजे बारीक प्रथिनं. आपण निरोप्यालाच वाटेत धरायचा."

"ते इंजेक्शन झालंय माझं," चिदानंद म्हणाला. "दोन वर्षं बरं होतं, मग परत."

"ते सरसकट धरायचं. हे मोजून धरतं." त्यांनी चिमटीत एक दाणा दाखवला. त्याला कंपनीनं भलंमोठं नाव दिलं होतं, पण सांगली-मिरजेकडं लोक त्याला जोंधळाच म्हणत. दंडाच्या कातडीखाली हा जोंधळा सरकवायचा. तो दर तासाला रक्तातले निरोपे मोजतो आणि लागेल तेवढंच औषध सोडतो. कधी किती सोडायचं याची कमाल मर्यादा डॉक्टर बाहेरून ठरवू शकतात.

"एक अट आहे," त्या म्हणाल्या. "कातडीच्या आजारावरच्या अशा औषधांनी काही रुग्णांचं मन खचल्याच्या नोंदी पूर्वीपासून आहेत. औषधानं खचलं की आजारानंच, हे पुष्कळदा ठरवता येत नाही. म्हणून आता नियम झालाय. दर रविवारी रुग्णानं चौदा प्रश्न भरायचे आणि घरातल्या एका साक्षीदारानं तेच चौदा प्रश्न रुग्णाबद्दल भरायचे. उदास आहे का, झोप कशी, चिडचिड किती, जगावंसं वाटत नाही असं बोलला का. काहीच नसलं तर शून्य, खूप असलं तर चार."

"साक्षीदार मी," वैजयंता म्हणाली.

"दुसरं कोण होणार," चिदानंद म्हणाला. "माझ्यात काय काय बिघडलंय याची यादी हिच्याकडं तयारच असंल."

संक्रांतीपर्यंत चकंदळं पुसली गेली. आधी पापुद्रे गेले, मग लाली, आणि एक दिवस वैजयंतानं पाहिलं तर तो अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून दारात उभा होता आणि शेजाऱ्याशी हात हलवून हलवून बोलत होता. तिला भरून आलं. कित्येक वर्षांत ते कोपर तिनं उजेडात पाहिलेच नव्हते.

आणि मग जे सुरू झालं, त्याला ती सुरुवातीला नशीबच म्हणाली. एका सकाळी भाकरीचा तुकडा मोडत तो म्हणाला, "चांगली झालीय." ती वळून बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी आमटीही चांगली झाली. मग तिची जुनीच साडी छान दिसू लागली. रविवारी गार्गीचा फोन आल्यावर त्यानं स्वतः मागून घेतला. तिनं प्रकल्पात कमी गुण मिळाल्याचं भीत भीत सांगितलं, तर म्हणाला, "असू दे की. केलंस ते छानच केलं असशील." फोन परत आईकडं आला तेव्हा पलीकडून पोरगी रडत होती.

"आई, बाबांना काय झालंय?"

"कातडी बरी झालीय," वैजयंता म्हणाली. "तीस वर्षं अंग खाजत असेल तर माणूस चिडकाच असणार ना?"

तिला हे कारण मनापासून पटलं होतं. सगळ्यांनाच पटलं. शेजारपाजारचे म्हणाले, माणूस निवळला. रविवारी ती प्रश्नावली भरायची. चिडचिड, शून्य. उदासी, शून्य. झोप, शून्य. खाली 'आणखी काही?' असा रिकामा चौकोन होता. त्यात तिनं एकदा लिहिलं, 'स्वभाव फार शांत झाला आहे. आभारी आहोत.' शांत नवरा ही तक्रार म्हणून लिहील अशी बाई अजून जन्माला यायची होती.

वैजयंता स्वतःही बदलली. गुणगुणायला लागली. कॉलेजातल्या मुली म्हणाल्या, बाई, तुम्ही अलीकडं किती छान दिसता. पंचेचाळिशी उलटल्यावर कुणाचं तरी कौतुक मिळावं असं वाटायची तिला लाज वाटे, पण मिळत होतं ते ती तळहातावर घेऊन चाटत होती.

होळीच्या सुमारास धारवाडहून सुमंगला हिरेमठ आल्या. सत्तरीच्या गवई बाई. वीस वर्षं त्यांचे तंबोरे चिदानंदच करायचा आणि वीस वर्षं दोघं त्यावरून भांडायचे. महिन्याभरापूर्वी नेलेली जोडी त्यांनी परत आणली होती.

"हे तुझं काम नव्हे रे," त्या म्हणाल्या.

चिदानंदनं तंबोरा आडवा धरून छेडला. ऐकला. "वाजतंय की छान, अक्का."

"छान?"

"तरी तुमच्या मनाला येत नसंल तर करून देतो परत. काय घाई नाही."

सुमंगलाबाईंनी त्याच्याकडं निरखून पाहिलं आणि जिना चढून स्वयंपाकघरात आल्या. "वैजयंता, ह्याला काय झालंय? मी त्याच्या कामाला नावं ठेवली आणि तो माझ्याशी भांडला नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा."

"शांत झालेत ते," वैजयंता म्हणाली. "औषधानं."

"शांत झालेला माणूस आणि मिटलेला माणूस, दोघं गप्पच असतात. बघ बाई. मी परकी, तू घरची."

त्या गेल्या, पण ते वाक्य मागं ठेवून गेल्या. वैजयंतानं खाली जाऊन वही पाहिली. कुठला तंबोरा कधी केला, कुठल्या सकाळी काय खुपलं, हे चिदानंद नेमानं टिपून ठेवायचा. दिवाळीपर्यंतची पानं 'मधल्या तारा बोद्या', 'खर्ज पसरतोय', 'परत' अशा शेऱ्यांनी गजबजलेली होती. पौषापासून एकच शेरा. पहिली सकाळ, ठीक. पहिली सकाळ, ठीक. चार सकाळींचा नियम त्यानं ठरवून मोडला नव्हता, तो आपोआप गळाला होता. त्याला दुसरी सकाळ लागतच नव्हती. महिन्याला तीनाच्या जागी नऊ तंबोरे गेले होते.

ती बावीस वर्षं प्रयोगशाळेत होती. एखाद्या यंत्राचा काटा आठवड्यामागून आठवडे शून्यावर राहिला तर पोरं म्हणतात, किती चांगलं यंत्र. ती म्हणते, तारा बघा, काटा अडकलाय. आणि इथं सोळा रविवार चौदा प्रश्नांना तिनं स्वतःच्या बोटानं शून्य भरलं होतं. साधी सर्दी झाली तरी माणसाचं एखाद्या प्रश्नाला एक येतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तशी गत.

मग तिच्यातली प्रयोगवाली जागी झाली. तिनं पहिला प्रयोग सगळ्यात सोपा केला, आणि तोच तिला सगळ्यात महागात पडला. आमटीत तिनं मीठच घातलं नाही. चिंच दुप्पट घातली. त्यानं भुरका मारला, दुसरा मारला. "चांगली झालीय," तो म्हणाला.

ती भांडी घेऊन मोरीत गेली आणि नळ मोठा सोडला. दोन महिने जे कौतुक तिनं जपून जपून ठेवलं होतं, त्याची किंमत त्या एका वाटीत कळली. भाकरी चांगली होती म्हणून तो चांगली म्हणत नव्हता. त्याला सगळंच चांगलं होतं. तिला हेवा वाटावा इतका तो सुखी होता आणि त्या सुखात ती कुठंच नव्हती. तिला फार वाईट वाटलं. पण डोळे पुसता पुसता तिच्या मनात एक प्रश्न आला. ह्याला आळणी कळलंच नाही, की कळलं आणि चाललं?

ह्या दोन गोष्टी वेगळ्या होत्या. पहिली खरी असेल तर कान आणि जीभ गेली. दुसरी खरी असेल तर भलतंच काहीतरी होतं.

शनिवारी तिनं कारखान्यात चादर बांधली. चादरीमागं सहा तंबोरे ठेवले. तीन दुरुस्तीला आलेले, जोंधळ्याआधीच्या जवारीचे. तीन नंतरचे, सुमंगलाबाईंची जोडी त्यातच. तारा सगळ्यांच्या सारख्या, सूर सारखा लावलेला. चिदानंदला अलीकडं बसवलं.

"हे काय करायलीस?"

"तुमची परीक्षा. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे."

तिनं एकेक छेडला. नऊ, नऊ, दहा, नऊ, दहा, नऊ. तो मजेत गुण देत होता. पोरं पास करायला बसलेल्या मास्तरसारखा.

"आता असं करा," ती म्हणाली. "गुण नकोत. मी दोन-दोन वाजवणार. पहिला बरा की दुसरा, एवढंच सांगायचं."

सहांच्या पंधरा जोड्या होतात. पहिलीला तो म्हणाला, "दुसरा." एका क्षणाचाही विचार नाही. दुसरीला, "पहिला." तिनं पंधराही लिहून काढल्या. दुसऱ्या दिवशी तंबोऱ्यांचा क्रम बदलून परत पंधरा. मग वही मांडीवर घेऊन जुळवलं. दोन्ही दिवसांचा क्रम तंतोतंत एक होता. पहिले तिन्ही जोंधळ्याआधीचे. तळाला सुमंगलाबाईंची जोडी.

तिनं चादर सोडली आणि वही त्याच्यापुढं धरली. त्यानं वाचली. तोंडात बोट घालण्याची पाळी त्याच्यावर आली.

"म्हणजे मला कळत होतं की."

"कळत होतं. मग दिलेत कसे?"

प्रश्न त्यालाही आवडला होता, दुसऱ्या कुणाबद्दल असावा तसा. "पूर्वी चूक ऐकली की इथं," त्यानं छातीच्या खाली हात ठेवला, "खुपायचं. ते निघेपर्यंत जेवण जायचं नाही. आता ऐकू येतंय, पण खुपत नाही. न खुपता कानस कोण उचलंल, वैजू?"

"आणि त्या दिवशीची आमटी?"

"मीठ नव्हतं तिच्यात," तो सहज म्हणाला. "चिंचही फार होती."

सोमवारी दोघं वही घेऊन डॉक्टर मुल्लांकडं गेली. त्यांनी पंधरा जोड्या पाहिल्या, परत पाहिल्या, आणि खुर्ची पुढं ओढली.

"ताप आला की आपल्याला पडून राहावंसं वाटतं, कुणाशी बोलू नये वाटतं. ते ताप नाही करत. रक्तातले निरोपेच मेंदूला तसं सांगतात. म्हणजे हे निरोपे फक्त कातडीशी बोलत नाहीत, मेंदूशीही बोलतात. आता मेंदूत एक जागा अशी आहे, की जे आहे आणि जे असायला हवं, ह्यांत फरक पडला की ती घंटा वाजवते. माझा अंदाज आहे, नुसता अंदाज, की आपण ज्या निरोप्याला धरतोय तोच त्या घंटेचा आवाज सांभाळत असावा. फरक मोजणारा शाबूत आहे. घंटा कापसात गुंडाळलीय."

"मग चौदा प्रश्नांत हे कसं आलं नाही?" वैजयंतानं विचारलं.

"कारण आम्ही दुःख शोधत होतो," त्या म्हणाल्या. "जास्तीचं समाधान हा दुष्परिणाम असू शकतो, हे प्रश्न काढणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नाही. ताई, हा जोंधळा हजारो लोकांच्या दंडात आहे. त्यात ड्रायव्हर असतील, परिचारिका असतील. तुमची वही मी पुढं पाठवणार आहे." मग त्यांचा आवाज उतरला. "तुमच्यापुरतं सांगते. मी मर्यादा निम्म्यावर आणू शकते. घंटा बहुतेक परत येईल. कातडीही थोडीफार परत येईल. चिदानंदराव, तुम्हाला काय हवं?"

"मला दोन्ही चालंल," चिदानंद प्रसन्नपणे म्हणाला.

डॉक्टरांनी वैजयंताकडं पाहिलं. "अडचण हीच आहे. दुसऱ्या कुणाचं असं उत्तर मी संमती म्हणून धरलं असतं. पण ह्यांना काहीही चालतं, हाच आजार. ह्या रविवारच्या साक्षीत तुम्ही 'बदल' लिहिलात तर मी मर्यादा कमी करते. नाही लिहिलंत तर आहे तसं चालू ठेवते. विचार करून ठरवा."

विचार कसला करायचा? घरी येताना ती स्वतःवरच चिडली होती. खोटं का होईना, कुणीतरी सकाळी उठून 'छान' म्हणत होतं. पोरगी बापाशी बोलायला लागली होती. ह्याचे तळवे मऊ होते, अंथरुणावर रक्ताचे ठिपके नव्हते. हे सगळं आपल्याच हातानं पुसून टाकायचं आणि पंचवीस वर्षांची किरकिर परत दारात बोलवायची? आणि नाही बोलवायची, तर ज्या माणसानं आयुष्यभर एकच गोष्ट नीट केली, ती त्याच्याकडून काढून घ्यायची? तीही त्याला न विचारता?

न विचारता. इथं ती थांबली. त्याला 'हे चालेल का' असं विचारून उपयोग नव्हता. पण जोड्या लावून विचारलेलं त्याला अजून नेमकं सांगता येत होतं.

गुरुवारी दुपारी कॉलेजातून लवकर येऊन तिनं सहा चिठ्ठ्या केल्या. 'कातडी आत्तासारखी स्वच्छ.' 'जवारी पूर्वीसारखी.' 'सलग झोप.' 'गार्गीचं फोनवर बोलणं.' 'घरात वादावादी नाही.' सहाव्या चिठ्ठीवर पेन अडखळलं. प्रयोग करणाऱ्यानं स्वतःला नमुन्यात घालू नये, हे पोरांना तीच शिकवायची. तरी तिनं लिहिलं, 'वैजू खूश.' आणि लिहून झाल्यावर ती चिठ्ठी पालथी घातली, कारण तळाला कुठली चिठ्ठी जाणार हे तिला माहीत आहे असं वाटत होतं.

चिदानंद पाटावर बसला. ती दोन-दोन चिठ्ठ्या पुढं सरकवत गेली. "ह्यातलं एकच मिळणार असंल तर?"

तो बोट ठेवत गेला. पटापट, तंबोऱ्यांसारखंच. ती खालमानेनं खुणा करत गेली. पंधरा झाल्या. शुक्रवारी उलटसुलट करून परत पंधरा. मग तिनं बेरीज मांडली.

सगळ्यात खाली गेलं होतं 'घरात वादावादी नाही'. त्यावर झोप. त्यावर कातडी. त्यावर गार्गीचं बोलणं. त्यावर जवारी. आणि दोन्ही दिवस, पाचही जोड्यांत, जवारीलाही मागं टाकून सगळ्यात वर एकच चिठ्ठी होती.

तिला ते खरं वाटेना. "हे तुम्ही मला बरं वाटावं म्हणून केलंत."

"बरं वाटावं म्हणून केलं असतं तर आमटीलाही मीठ होतं म्हणालो असतो."

"आणि हे कधीपासून? जोंधळा घातल्यापासून?"

"क्रम कशाला बदलंल? तंबोऱ्यांचा बदलला का?"

"मग पंचवीस वर्षांत एकदा तरी बोलायचं!" तिचा आवाज चढला. इतके दिवस शांत असलेल्या त्या घरात तो तिलाच मोठा वाटला. "भाकरी जाड, आमटी पातळ! हे ऐकायला बसले मी जन्मभर!"

"शेजारच्या वहिनींच्या भाकरीला मी कधी नाव ठेवलं का?" तो म्हणाला. "दुसऱ्यानं केलेला तंबोरा मला कधी खुपला का? जे आपलं, तेवढंच खुपायचं. तू सगळ्यात जास्त."

"म्हणजे ते प्रेम होतं म्हणा की. आणि मी मोरीत जाऊन रडायची ते काय होतं?"

"नाही," तो म्हणाला. "ते वाईटच होतं. तुला बोलायचा मला काय अधिकार होता? माझं चुकलं. आत्ता ते मला अगदी स्वच्छ दिसतंय." तो थांबला, आणि त्या शांत चेहऱ्यावर पहिल्यांदाच किंचित गोंधळ दिसला. "फक्त आत्ता ते खुपत नाही, वैजू. त्यामुळं माझ्या माफीला काही वजन नाही. तूच बघ, मी किती आरामात बसलोय."

तो खरंच आरामात बसला होता. पाय लांब करून, भिंतीला टेकून. पंचवीस वर्षं ज्या शब्दांची तिनं वाट पाहिली, ते तो हवापाण्यावर बोलावं तसं बोलत होता. तिला काय हवंय हे तिला त्या क्षणी कळलं, आणि ते कौतुक नव्हतं, वजन असलेली माफी होती.

रविवारी चौदा प्रश्नांना तिनं नेहमीसारखंच शून्य भरलं, कारण ते खरं होतं. मग रिकाम्या चौकोनात लिहिलं, 'बदल आहे. चूक कळते, पण खुपत नाही. रुग्णाची स्वतःची पसंती जोड्यांच्या पद्धतीनं दोनदा घेतली. नोंद सोबत. मर्यादा कमी करावी.' खाली सही केली आणि फोन त्याच्यापुढं धरला. त्यानंही सही केली.

"भीती वाटत नाही तुला?" त्यानं कुतूहलानं विचारलं.

"वाटते की," ती म्हणाली. "मला वाटते. मला जोंधळा नाही."

मर्यादा निम्म्यावर आल्यावर पहिले दोन आठवडे काहीच झालं नाही. तिसऱ्यात डाव्या कोपरावर रुपयाएवढा लाल डाग उठला. त्यानं तो आरशात पाहिला आणि कपाटातून पूर्ण बाह्यांचा सदरा काढून घातला. वैजयंताचा जीव तुटला. आपण केलं हे, असं दिवसभर तिच्या मनात येत राहिलं. वहीत 'पहिली सकाळ, ठीक'च्या खाली 'दुसरी सकाळ, जरा' असं लिहिलेलं दिसलं. दोन दिवसांनी धारवाडची जोडी त्यानं परत कामाला घेतली आणि खालून कानशीचा आवाज यायला लागला. मध्येच कुणाला तरी शिव्या घातल्याचा. खाली तर दुसरं कुणी नव्हतं.

तेविसाव्या दिवशी सकाळी ती कॉलेजच्या घाईत होती. तिनं उप्पीट त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं एक घास घेतला. चेहरा दाढ दुखल्यासारखा झाला.

"काय गिचका केलायस हा. पाण्याचा अंदाज कधी यायचा तुला?"

ती उभी होती तिथंच थांबली. तिला लागलं. सगळा क्रम माहीत असून, सगळ्या चिठ्ठ्या जपून ठेवलेल्या असून, पहिल्यासारखंच आणि पहिल्याइतकंच लागलं. तो ताटली ढकलून खाली निघून गेला. जिन्यावर पावलं वाजली, कारखान्याचं दार वाजलं. कानस एकदा चालली, थांबली. परत एकदा चालली आणि थांबली.

मग जिन्यावर परत पावलं आली, ह्या वेळी सावकाश.

तो दारात उभा राहिला. कपाळावर घाम होता आणि हात छातीच्या खाली, पोटाच्या वर दाबलेला. पंचवीस वर्षांत तिनं त्याला तंबोऱ्यापुढं तसं बसलेलं हजारदा पाहिलं होतं. आपल्यापुढं कधीच नाही.

"वैजू."

"काय?"

"ते... उप्पिटाचं बोललो ते." त्याला तिच्याकडं बघवत नव्हतं. "आणि अजून पुष्कळ. गेल्या पंचवीस वर्षांचं. खाली कानस धरवंना. लई खुपायलंय."

वैजयंतानं त्याला लगेच माफ केलं नाही. पर्स खांद्यावरून काढून खुंटीला लावली, पदर सारखा केला, आणि त्याला दारात तसाच उभा राहू दिला. जरा खुपू दिलं. मग ताटली उचलून परत त्याच्या जागेवर ठेवली.

"बसा," ती म्हणाली. "पण दुसरं करून देणार नाही. हेच खायचं."

तो बसला.